मधल्या खोलीतला सा

रत्नप्रभाबाई नेरकर चौथी पास होत्या. चौथीच्या पुढचं जे काही शिक्षण आहे ते आपल्याला विचारूनच पुढं गेलं आहे, असा मात्र त्यांचा चेहरा असे. घाटंजीत त्यांचा आवाज प्रसिद्ध होता. गाण्यासाठी नव्हे, हाक मारण्यासाठी. स्वयंपाकघरातून त्या "अवो" म्हणाल्या की त्यांचे यजमान नीळकंठराव तर उठतच, पण कोपऱ्यावर हातगाडी लावणारा बाबुलाल भाजीवालाही "काय पाहिजे काकू?" म्हणून मान वर करी.

तर अशा बाईनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, घरभर बायका बसलेल्या असताना, जाहीर करून टाकलं की आपल्या सुनेच्या डोहाळजेवणात सून स्वतः गाईल. डोहाळ्याची नेहमीची गाणी नव्हेत. शास्त्रीय. तंबोरा घेऊन.

सून म्हणजे गौरी. अमरावतीची, गाण्यात विशारद झालेली, आणि नुकताच सहावा लागलेली.

शेजारच्या मैनाबाईंनी वाणात मिळालेली चहाची गाळणी उलटीपालटी करून पाहिली. "शास्त्रीय म्हणजे ते आ आ करतात तेच नं वो?"

"तेच."

"सातव्या महिन्यात?"

"तुमच्या सुनेच्या वेळेस कॅसेट लावली होती," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "ती अर्ध्यातच गुंडाळली गेली न् तुम्ही पेन्सिल शोधत बसल्या. आमच्याकडे कॅसेट नाही. आमच्याकडे बाई आहे."

यानंतर मैनाबाईंनी तिळगूळ एकच घेतला, यावरून काय ते सगळ्यांना समजलं.

खरं तर यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, की गाणं सोडू नका, श्वासाला चांगलं असतं, आणि बाळही ऐकतं. रत्नप्रभाबाईंनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं एसटीतून घरी आणलं आणि घरी आणून जरा वाढवलं. बाळ ऐकतं म्हणजे शिकतं. शिकतं म्हणजे बाहेर येताना शिकूनच येणार. इतरांची लेकरं रडत येतात, नेरकरांचं सुरात येईल. हा हिशोब त्यांनी घाटंजीत इतक्यांना समजावून सांगितला होता की आता तो मागं घेणं त्यांच्याही हातात नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गौरी लग्न होऊन आली तेव्हापासून सकाळी ती खर्ज लावायला बसली की रत्नप्रभाबाईंची पहिली पोळी करपत असे. रोज. तवा विस्तवावर, उलथनं हातात, आणि बाई भिंतीकडं तोंड करून उभ्या. ती करपलेली पोळी त्या सगळ्यांच्या आधी स्वतः खाऊन टाकत, म्हणजे पुरावा राहत नसे.

गौरीचा तंबोरा अमरावतीहून आणला तेव्हाही अशीच गंमत झाली होती. कंडक्टर म्हणाला, याला जागा लागते, अर्धं तिकीट पडेल. रत्नप्रभाबाईंनी अर्धं तिकीट मुकाट्यानं घेतलं आणि मग तिकीट आहे म्हटल्यावर तंबोऱ्याला खिडकीशी बसवलं. नीळकंठराव घाटंजीपर्यंत उभे राहून आले. तहसील ऑफिसात अडतीस वर्षं बसून काढली आहेत, थोडं उभं राहिलं तर पायाला बरंच आहे, असं त्यांना सांगण्यात आलं.

आता अडचण आली ती वामनरावांची. वामनराव म्हणजे पलीकडच्या भिंतीला भिंत लागून राहणारे रिटायर हेडक्लार्क. गौरीचा रियाज समोरच्या खोलीत चाले आणि ती भिंत वामनरावांच्या उशाची. ते एक दिवस सकाळीच मफलर बांधून आले.

"वहिनी, ध्वनीच्या बाबतीत शासनाचे नियम आहेत."

"ते लाउडस्पीकरचे आहेत, भाऊजी. माझ्या सुनेच्या गळ्याले वायर लोंबते का कुठं?"

वामनरावांनी अर्ज केला. अर्जाशिवाय त्यांचं अन्न पचत नसे. तो अर्ज कुठल्या ऑफिसातून कुठल्या ऑफिसात फिरला कोण जाणे, पण शेवटी कुण्या बाबूनं न वाचताच त्यावर ‘यंत्र जप्त करावे’ असा शेरा मारला आणि एक शिपाई खरोखरच जप्तीला येऊन उभा राहिला. दारात त्याला पोटावर हात ठेवून उभी असलेली गौरी दिसली. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "हेच यंत्र. न्या. पण दोन जिवांचं आहे, पावती दोन लिहा." शिपाई पाणी पिऊन परत गेला.

जिंकल्या त्याच, पण मनाला लागलं. ज्या भिंतीपलीकडं असला माणूस झोपतो त्या भिंतीला आपल्या सुनेचा सूर ऐकवायचाच कशाला, असं त्यांनी ठरवलं. आणि नेमका त्याच आठवड्यात घरात कापूस आला.

त्या वर्षी कापसाचं काय झालं ते साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. भाव पडलेला. खरेदी केंद्र उघडायचं, चार गाड्या घ्यायचं, की पोत्यांचा बारदाना संपला म्हणून बंद. मग जिनिंगमध्ये जागा नाही म्हणून बंद. मग उघडलं तर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर रजेवर. लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. घाटंजीच्या बाजारात दोन बायका भेटल्या की आधी एकमेकींच्या हाताला कापसानं सुटलेली खाज विचारायच्या आणि मग तब्येत.

नेरकरांचं पारव्याच्या रस्त्याला शेत होतं आणि ते बंजारा तांड्यावरचा शंकरसिंग बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करी. शंकरसिंग रत्नप्रभाबाईंना ‘याडी’ म्हणे. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि बाईंना ते फार आवडे, कारण त्यांचा पोटचा मुलगा मंदार त्यांना कुठल्याच नावानं हाक मारत नसे. तो यवतमाळला अप-डाउन करी आणि आल्यावर एकदम "आज काय केलं?" म्हणून जेवायला बसे.

"याडी," शंकरसिंग म्हणाला, "माह्या घरात आता पाय ठेवाले जागा नाही. माही बायको नंदा म्हणते, एक तर कापूस राहीन नाहीतर मी. तुह्या मधल्या खोलीत टाकतो. केंद्र उघडलं का इथूनच लायनीत लावू."

मधली खोली म्हणजे घरातली सगळ्यात मोठी. सण, समारंभ, मुलगी पाहणं, सगळं तिथंच. डोहाळजेवणही तिथंच व्हायचं होतं. पण त्याला महिना होता. दोन गाड्या कापूस खोलीत रिचवला तेव्हा तो आढ्याला टेकला, आणि खिडकीपाशी बसण्यापुरती मोकळी जागा उरली.

ती जागा पाहून रत्नप्रभाबाईंच्या डोक्यात विचार आला. त्यांना विचार आला म्हणजे तो अमलात आलाच. कापसाचा एक कोपरा त्यांनी हातानं दाबून बैठक केली, वर जाड चादर, चादरीवर रजई. "इथं बसत जा गायले," त्या गौरीला म्हणाल्या. "मऊ आहे, गरम आहे, अन् त्या वामनरावाची भिंतही नाही. राणीले असं सिंहासन भेटलं नसेल."

गौरी बसली. खरोखरच फार आराम वाटला तिला.

आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिचा आवाज जायला लागला.

गळा बसला नव्हता. खोकला नाही, पडसं नाही. आवाज लागे, पण लागल्या लागल्या मरे. तंबोराही तसाच. तार छेडली की ढप्प. गौरी जोर लावी, दमे, पुन्हा जोर लावी. स्वयंपाकघरात रत्नप्रभाबाई उलथनं घेऊन भिंतीकडं तोंड करून उभ्या राहत आणि भिंतीतून काही येत नसे. पहिली पोळी छान फुगून वर यायला लागली, तेव्हा त्यांचं धाबं दणाणलं.

ही बातमी घरातच राहायला हवी होती. पण दारावरून जाताना आता गाणं ऐकू येत नाही, हे गल्लीला सांगावं लागत नाही. मैनाबाई वाटीभर कढीपत्ता मागायला आल्या आणि दोन तास बसल्या.

"पोटातलं लेकरू ओढून घेते वो आवाज," त्या म्हणाल्या. "पोरगी असली का मायचं रूप घेते, तसं. माह्या मावसबहिणीच्या जावेचे केस गेले होते."

"केस अन् आवाज एक आहे का?"

"ओढणारं तर एकच आहे नं."

वामनराव भिंतीपलीकडून सहानुभूती दाखवायला आले. त्यांच्या मते मालकंस गायला असणार, त्या रागाला भुतंखेतं ऐकायला येतात, आणि येतात ती काही रिकाम्या हातानं जात नाहीत. गौरी म्हणाली, "काका, मी मालकंस नाही हो गायले. भूप गात होते." वामनराव म्हणाले, "भुतांना फरक कळतोच असं नाही." बाबुलालनं भाजीबरोबर आल्याचा मोठा तुकडा फुकट दिला. बाबुलालनं काही फुकट देणं हे आवाज जाण्याहूनही मोठं अशुभ आहे, असं रत्नप्रभाबाईंना वाटलं.

ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळदीचं दूध झालं, तुळशीचा काढा झाला. शेवटी दोघी डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. त्यांनी गळा पाहिला, पोट पाहिलं, आणि म्हणाल्या, "जरा म्हणून दाखवा बरं." गौरीनं घाबरत भूपाची एक ओळ म्हटली. बाहेरच्या बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. कंपाउंडर औषधाची बाटली हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"हा आवाज गेलेला आहे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इथं बरा लागला," गौरी म्हणाली. "घरी नाही लागत."

एसटीत बसल्यावर रत्नप्रभाबाईंनी या वाक्याचा पूर्ण विचार केला. इथं लागतो, घरी लागत नाही. म्हणजे गळ्यात खोट नाही, घरात आहे. घरात काय बदललं? हळदीकुंकू झालं. हळदीकुंकवाला कोण आलं? सगळ्या बाया आल्या. तिळगूळ एकच कुणी घेतला? घाटंजी यायच्या आत त्यांना रोग सापडला होता. दृष्ट लागली होती.

दृष्ट जिथं लागली तिथंच काढावी लागते, हे सांगायला कुणी शिकलेला लागत नाही. गौरीला कापसाच्या सिंहासनावर बसवलं. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून ओवाळल्या आणि हातातल्या लोखंडी पळीतल्या निखाऱ्यावर टाकल्या. मोहरी तडतडली. दृष्ट मोठीच असली पाहिजे, कारण एक मोहरी तडतडून निखाऱ्याचा कपचा घेऊनच उडाली आणि ढिगाच्या अंगाला जाऊन बसली.

कापूस पेटताना आवाज करत नाही. धुराची एक बारीक रेघ निघाली, आणि त्याच क्षणी ढिगाच्या मागून, आढ्याखालच्या अंधारातून, चष्मा कपाळावर आणि पेपर हातात अशा अवस्थेत नीळकंठराव उठून उभे राहिले आणि "पाणी" म्हणाले. ते तिथं काय करत होते, हे त्या घाईत कुणी विचारलं नाही. रत्नप्रभाबाईंनी न्हाणीतली बादली आणली आणि उपडी केली. मग दुसरी आणली. आग पहिल्या बादलीतच विझली होती, दुसरी त्यांनी रागानं ओतली.

ओला झालेला कापूस त्यांनी आत दाबला, कोरडा वर ओढला, आणि म्हणाल्या, "हे शंकरसिंगले सांगायचं नाही." नीळकंठरावांनी मान हलवली. अलीकडं त्यांना जरा कमी ऐकू यायला लागलं होतं. दुपारी हाका मारून मारून बाईंचा घसा सुके, आणि हे एक तास उलटल्यावर कुठून तरी येऊन "बोलावलं होतं का?" म्हणून विचारत. म्हणून रोज जेवणं झाली की लसूण जाळलेलं गरम तेल त्यांच्या कानात घालायचं, हेही काम बाईंच्या अंगावर आलं होतं. नीळकंठराव एका कुशीवर पडून ते निमूट घालून घेत. तक्रार नाही, काही नाही. म्हातारपणी माणूस किती समजूतदार होतो, असं बाईंना वाटे.

दृष्ट काढूनही काही झालं नाही.

डोहाळजेवणाला आठवडा राहिला त्या दिवशी रत्नप्रभाबाई समोरच्या खोलीवरून जात होत्या. गौरी माहेरी फोनवर बोलत होती. "नाही गं आई, आता नाही गाणार. सगळ्यांसमोर तो आवाज काढायचा म्हणजे... नंतरही बघू. सुटलं तर सुटलं." ती रडत नव्हती. रडली असती तर बाईंनी दोन शब्द सुनावून गप्प केलं असतं. ती भाजी आणायला सांगावं तशा आवाजात बोलत होती. फोन ठेवून तिनं तंबोऱ्याला गवसणी घातली, तिच्या नाड्या नीट बांधल्या, आणि तो कपाटाच्या मागं उभा करून ठेवला.

रत्नप्रभाबाई परत स्वयंपाकघरात गेल्या. चार गावांत जे सांगून ठेवलं आहे त्याचं काय, हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. पण तो दुसरा आला. पहिला आला तो असा, की उद्यापासून सकाळी कुठल्या भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं?

डोहाळजेवण परवावर आलं तेव्हा त्यांना मोठ्या परातीची आठवण झाली. परात कापसाच्या मागं. नीळकंठराव अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि मैनाबाई कुंपणाला टेकून, डोहाळजेवणात गाण्याऐवजी काय ठेवणार याची चौकशी करत उभ्या होत्या. बाई आत गेल्या, कापसात कमरेपर्यंत शिरल्या, पण परात हलेना.

"अवो, जरा इकडे या."

कुणी आलं नाही.

"अवो, ऐकू येते का?"

नाही. तिसरी हाक त्यांनी अशी मारली की एरवी बाजारातले बैल थांबले असते. मग कापूस झटकत अंगणात आल्या.

"दोन बाटल्या तेल गेलं तुमच्या कानात. तीन हाका मारल्या मी."

"मारल्या?" नीळकंठराव म्हणाले.

"नाही वो रत्नप्रभाताई," मैनाबाई म्हणाल्या. "मी इथंच उभी आहे. मलेही नाही आली ऐकू." त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सुनेचा गेला, आता तुमचाही गेला. तुम्हालेही दिवस गेले काय?"

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला असं कुणी विचारलं नव्हतं. रत्नप्रभाबाईंना राग यायलासुद्धा क्षणभर लागला. मग आला.

"मैनाबाई, तोंड सांभाळून बोला."

"काय पाहिजे काकू?" कोपऱ्यावरून बाबुलाल ओरडला.

रत्नप्रभाबाई थांबल्या. त्यांनी मैनाबाईंकडं पाहिलं नाही, बाबुलालकडं पाहिलं नाही. सरळ वळून मधल्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "अवो." अंगण गप्प. मग उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं आणि तेवढ्याच जोरात म्हणाल्या, "अवो."

"आलो काकू."

"तू नको येऊ रे."

पुन्हा आत. "अवो." गप्प. अंगणात नीळकंठराव खाली मान घालून फार मन लावून शेंगा सोलायला लागले होते.

त्या कापसाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. तोंडावर उशी धरून बोललं तर काय होतं ते पाळण्यातल्या लेकरालाही कळतं. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं, वर चादर अंथरून, सुनेच्या तोंडावर सबंध शेताची उशी धरली होती.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. मंदार आल्यावर त्याला एवढंच सांगितलं, की कापसानं खाज येते, दोन जिवांच्या बाईच्या घरात तो नको, परवाच्या आत काढायचा.

काढायचा म्हणजे केंद्रावर न्यायचा, आणि केंद्राला टोकन लागे. रत्नप्रभाबाई स्वतः गेल्या. रस्त्याच्या कडेनं कापसाच्या गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली होती, माणसं गाड्यांखाली झोपली होती. टेबलामागच्या बाबूनं त्यांच्या शेताचा सातबारा पाहिला.

"शेत गोविंदराव नेरकरांच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या."

"ते माझे सासरे. वारले त्याले एकवीस वर्षं झाली."

"मग फेरफार का नाही केला?"

याचं उत्तर बाईंजवळ होतं, पण ते घराबाहेर सांगण्यासारखं नव्हतं. नीळकंठरावांनी तहसील ऑफिसात जन्मभर साऱ्या तालुक्याचे फेरफार केले होते. घरचा तेवढा निवांत वेळ मिळाल्यावर करायचा म्हणून ठेवला होता.

"ते येऊ शकत नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. पत्ता मी देतो."

बाबूनं पत्ता मागितला नाही, टोकनही दिलं नाही. शेवटी शंकरसिंगच्या स्वतःच्या शेताचं, डोहाळजेवणाच्याच दिवसाचं टोकन होतं, त्याच्यावर हाही कापूस न्यायचं ठरलं. डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळीच त्यानं दोन बैलगाड्या आणल्या, मधली खोली रिकामी केली, आणि गेला. खोली झाडताना रत्नप्रभाबाईंनी सतरंज्या अंथरू दिल्या नाहीत. गाद्या नाहीत, लोड नाहीत. बायका म्हणाल्या, खाली फरशी गार लागेल. "लागू द्या," बाई म्हणाल्या. "पाट ठेवले आहेत."

दुपारी बायका जमल्या. गौरीला हिरवी साडी, फुलांचे बाजूबंद, फुलांची वेणी. ओटी भरून झाली. वाट्यांमधून बर्फी-पेढा ओळखून झालं. मग मैनाबाई पाटावर नीट मांडी घालून म्हणाल्या, "चला, आता तुमचं ते शास्त्रीय होऊ द्या."

गौरीनं सासूकडं पाहिलं. ती उठून आत गेली, आणि मागोमाग रत्नप्रभाबाई गेल्या.

"आई, मी नाही म्हटलं होतं तुम्हाला."

बाईंनी कपाटामागून तंबोरा काढला आणि स्वतःच्या दातांनी गवसणीची गाठ सोडली. "गाणं नको म्हणू. फक्त सा लाव. एकच. तो लागला नाही तर मी त्या बायांले सांगतो का माझं चुकलं, मी उगीच बोलली होती."

गौरी त्यांच्याकडं पाहतच राहिली. हे वाक्य त्या तोंडातून आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते खरंच म्हणावं लागू नये म्हणूनच बहुधा ती तंबोरा घेऊन बाहेर आली.

तिनं तारा जुळवल्या. पहिल्या छेडीलाच तंबोरा असा घुमला की तिनं दचकून हात काढला. मग डोळे मिटले आणि सा लावला.

तो खोलीभर उभा राहिला. भिंतीला लागला, फरशीला लागला, आणि फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं बारीक झणझणली. गौरीनं डोळे उघडले. तिनं आढ्याकडं पाहिलं, रिकाम्या भिंतींकडं पाहिलं, कोपऱ्यात झाडू चुकवून राहिलेल्या कापसाच्या पुंजक्याकडं पाहिलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूकडं. रत्नप्रभाबाई ताबडतोब पुऱ्या तळायला वळल्या.

गौरीला हसू आलं. हसू तसंच सुरात ठेवून ती भूपात शिरली. मध्येच बाळानं पाय मारला तशी एकदा थांबून पोटावर हात ठेवला, म्हणाली, "थांब, सम माझी मला गाठू दे," आणि पुढं गायला लागली. बायका पाटांवर, गार फरशी चुकवत, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि एकीनंही पाय मोकळे केले नाहीत. भिंतीपलीकडं वामनरावांनी खिडकी उघडल्याचा आवाज आला. बंद केल्याचा आला नाही.

कढईतला पहिला घाणा कोळसा झाला. बाईंनी तो पदराआड केला.

गाणं संपलं आणि दारात बैलाच्या घंटा वाजल्या. दोन्ही गाड्या भरलेल्याच उभ्या होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. शंकरसिंग बैलांच्या मानेवर हात ठेवून थांबला होता.

"आत गाणं चालू होतं, म्हणून हललो नाही," तो म्हणाला. "याडी, कापूस ओला निघाला. ग्रेडरनं खोल हात घातला न् म्हणे आठ दिवस वाळवून आणा. मी म्हणलं, घरातल्या कापसाले पाणी कुठून लागलं?"

"दव असेल," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पण मधल्या खोलीत आता एक बोंड येणार नाही. तिथं गाणं राहते."

"मग टाकू कुठं?"

नीळकंठरावांनी खाकरून घेतलं. "माझ्या खोलीत टाका," ते म्हणाले. "मला काही अडचण नाही. उलट... म्हणजे दुपारी जरा पेपर वाचायला..."

ते थांबले, पण थोडं उशिरा थांबले.

रत्नप्रभाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. ढिगामागून उठलेला तो चष्मा आणि पेपर त्यांना आठवला. दुपारच्या हाका आठवल्या. लसणाच्या तेलाच्या दोन बाटल्या आठवल्या.

"कान कसे आहेत तुमचे?"

"बरे आहेत," नीळकंठराव म्हणाले. "तेलानं गुण आला."

"टाक रे शंकरसिंग," बाई म्हणाल्या. "यांच्याच खोलीत टाक. वरपर्यंत."

बायका जाताना गौरीनं सगळ्यांना कुंकू लावलं. मग ती हळूच सासूजवळ आली. "आई, तो कापूस..."

"खाज येत होती, म्हणून काढला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी लवकर बस गायले. दार उघडं ठेवून."

दिवेलागणीला नीळकंठराव आपल्या खोलीत कापसाला पाठ टेकून सुखानं पेपर उघडून बसले. रत्नप्रभाबाईंनी या वेळी बाहेरून हाक मारली नाही. त्या आत गेल्या, दार लोटलं, समोर कापसावर ऐसपैस बसल्या, आणि महिनाभराचं साठलेलं सगळं पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली.

मैनाबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी बाई आत जाताना पाहिल्या, चेहरा पाहिला, आणि त्या खोलीच्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. आतून एक अक्षर आलं नाही. शेवटी त्या घरी गेल्या आणि त्यांनी सुनेला लसूण सोलायला सांगितला, कानात तेल घालायचं म्हणून.